सिगारच्या डब्याची गिटार: तार किती लांब असावी?

दुकानातली गिटार घेण्याची ऐपत नसलेली अमेरिकेच्या दक्षिण भागातली माणसे सिगारचा रिकामा लाकडी डबा, एक काठी आणि दोन-तीन तारा एवढ्या सामग्रीवर वाद्य उभे करीत. आज हौसेने असे वाद्य घरी बनवणारे डबा निवडण्यात आठवडे घालवतात आणि तारेची लांबी मात्र काठी पुरेल तशी ठेवतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा.

येथे लांबी म्हणजे सबंध तारेची नव्हे, तर मानेच्या टोकाकडील नटाच्या (तारांना टेकू देणाऱ्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून डब्यावरच्या घोडीपर्यंत (तारांच्या दुसऱ्या टेकूपर्यंत) मोकळेपणाने कंप पावणाऱ्या भागाची लांबी. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी 1636 साली मांडलेल्या नियमांनुसार तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन या तिन्हींवर अवलंबून असतो. म्हणून तीच तार त्याच स्वरात लावायची असेल, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, आणि लांबीतला लहानसा फरकही बोटांना लगेच जाणवतो.

उदाहरणार्थ, 0.017 इंच जाडीची साधी पोलादी तार 196 हर्ट्झच्या ‘जी’ स्वरात लावली, तर 25 इंच लांबीला तिच्यावर सुमारे 7.3 किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. 23 इंचांना तो 6.1 किलोवर उतरतो आणि 20 इंचांना जेमतेम 4.6 किलो राहतो. इतकी सैल तार बोटाने दाबली की स्वर सहज चढतो. बोटात काचेची नळी घालून स्लाइड वाजवणाऱ्याची तर फारच पंचाईत होते, कारण नळीच्या भाराने तार खाली दबून पडद्यांवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते. शिवाय 25 इंचांवर पहिला अर्धस्वर, म्हणजे एका पडद्याचे स्वरांतर, 35.6 मिलिमीटरमध्ये पसरलेला असतो, तर 20 इंचांवर तो 28.5 मिलिमीटरमध्ये आवळला जातो, त्यामुळे नळी तेवढीच सरकली तरी बेसूरपणा अधिक ऐकू येतो.

म्हणून पहिल्या वाद्यासाठी, विशेषतः ते स्लाइडने वाजवायचे असेल तर, मी 25 इंच सुचवीन. बाजारात मिळणारे तारांचे संच पावणेपंचवीस ते साडेपंचवीस इंचांच्या गिटारी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, त्यामुळे ते येथे जसेच्या तसे चालतात. लहान मुलाच्या हातासाठी 20 इंच सोयीचे ठरतात, पण मग तार जाड घ्यावी किंवा स्वर चार अर्धस्वरांनी चढवून ‘जी’ऐवजी ‘बी’ लावावा. तसे केल्यास ताण पुन्हा जवळपास पूर्वीइतकाच होतो.

लांबी ठरली की पडद्यांच्या जागा आपोआप ठरतात. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 साली उरलेली लांबी दर वेळी 18ने भागून येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा बसवण्याची रीत सांगितली होती. आज 17.817ने भागतात. 635 मिलिमीटर, म्हणजे 25 इंचांवर पहिला पडदा 35.6 आणि दुसरा 69.3 मिलिमीटरवर येतो, तर बारावा बरोबर मध्यावर, 317.5 मिलिमीटरवर बसतो. जुन्या रीतीने हाच बारावा पडदा दोन मिलिमीटरहून अधिक नटाकडे सरकला असता. प्रत्येक माप नटापासूनच घ्यावे. पडद्यापासून पडद्यापर्यंत मोजत गेल्यास बारीक चुका साचत जातात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात, पण येथे एकदा ठोकलेला पडदा हलवता येत नाही.

घोडी मात्र चिकटवू नये, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहू द्यावी. तार दाबताना ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. म्हणून बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून उमटणारा स्वर आणि तेथेच तार दाबून येणारा स्वर ताडून पाहावा, दाबलेला स्वर चढा वाटल्यास घोडी एक-दोन मिलिमीटर मागे, नटापासून दूर घ्यावी, आणि दोन्ही जुळले की डब्याच्या झाकणावर तिच्याभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवावी.