लांब चोचीचे गिधाड

गरुड व घारींच्या अ‍ॅक्सिपिट्रिडी कुलातील, मेलेल्या जनावरांच्या मांसावर जगणारा मोठा पक्षी. शास्त्रीय नाव जिप्स इंडिकस. भारतात मुख्यतः गंगेच्या दक्षिणेस आणि पाकिस्तानच्या आग्नेय कोपऱ्यात आढळतो. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या पुढे जातो, वजन साधारण सहा किलो. इतका जड पक्षी पंख मारत फार उडू शकत नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली की तिच्यावर स्वार होऊन तो तासन्‌तास घिरट्या घालतो. मढे तो वासाने नव्हे, नजरेने शोधतो. एक गिधाड उतरले की ते पाहून दुसरे येते आणि थोड्याच वेळात थवा जमतो. ही सवयच पुढे त्याच्या मुळावर आली.

घरटी बहुधा उंच कड्यांच्या कपारीत असतात. कातळावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ दुरूनही वसाहतीची जागा सांगतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर-मादी ते आळीपाळीने सुमारे 50 दिवस उबवतात. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. मोठे पक्षी दीर्घकाळ जगले, तरच हा हिशेब जुळतो.

तो 1990 नंतर कोलमडला. 1992 ते 2007 या काळात भारतातील लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची एकत्रित संख्या सुमारे 97 टक्क्यांनी घटली. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. खरे कारण पशुवैद्यक लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर केलेल्या अभ्यासातून 2004 मध्ये पुढे आले: गुरांना दिले जाणारे वेदनाशामक डायक्लोफेनॅक. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तात यूरिक आम्ल साचते आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो. शंभरातले एखादे मढे विषारी असले तरी पुरे, कारण एकाच मढ्यावर अख्खा थवा जेवतो.

भारताने 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. ती वेळेत आली असे म्हणवत नाही. पुढेही माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. 2015 मध्ये या कुपीची मर्यादा 3 मिलिलिटर झाली. असेक्लोफेनॅक हे दुसरे वेदनाशामक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते. त्याच्या आणि किटोप्रोफेन या गिधाडांना घातक वेदनाशामकाच्या जनावरांसाठीच्या वापरावर 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले पर्यायी औषध आहे.

हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात या गिधाडांची पैदास होते. तेथे पहिले अंडे काढून यंत्रात उबवतात, म्हणजे जोडी दुसरे घालते. पक्षी निसर्गात सोडण्यापूर्वी भोवतालच्या सुमारे 100 किलोमीटर टापूतून घातक औषधे हटवावी लागतात. त्यासाठी कार्यकर्ते औषधांच्या दुकानांत साधे गिऱ्हाईक म्हणून जातात आणि गुरांसाठी काय दिले जाते ते पाहतात.