एक प्रत मोफत: कुंभार आणि त्यांचे प्रकाशक

२००२च्या सुमारापासून अमेरिकेतल्या स्टुडिओ-पॉटर, म्हणजे स्वतःच्या स्टुडिओत मातीची भांडी घडवणाऱ्या, मंडळींच्या हाती एक आवाहन वरचेवर पडू लागलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलची लार्क बुक्स ही प्रकाशनसंस्था पाचशे चहादाण्यांचं पुस्तक काढणार होती. मग पाचशे वाडग्यांचं आलं, मग कपांचं. तुमच्या कामाचे चांगले फोटो पाठवा, परीक्षक निवड करतील; निवड झाली तर नाव छापू, पुस्तकाची एक प्रत मोफत देऊ, जास्तीच्या प्रती सवलतीत देऊ, असा त्याचा मजकूर. मानधनाचा विषय नसे. फोटो काढून घ्यायचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

पुस्तकं खपली आणि मालिका वर्षानुवर्षं चालली. त्यात आपलं भांडं छापून आलं तर कलावंत आपल्या परिचयपत्रात तसं लिहू लागले. दुसऱ्या बाजूला कुरकुरही होतीच: चारशे पानांचं पुस्तक, प्रत्येक पान आमच्या कामाने भरलेलं, आणि आमच्या वाट्याला काय, तर एक प्रत. कुरकुर रास्त आहे. पण हा सौदा लार्कने शोधून काढलेला नाही. मातीत हात घालणारा आणि पुस्तक काढणारा यांच्यातला हिशेब पहिल्यापासून असाच चालत आला आहे.

सिरॅमिकवरची जुनी पुस्तकं चाळली तर आधी एक गोष्ट डोळ्यात भरते. ती लिहिणारे लोक सहसा चाकावर बसणारे नव्हते. इराणातल्या काशानचा अबुल कासिम चकाकत्या लस्टर भांड्यांसाठी नावाजलेल्या कुंभार घराण्यात जन्मला. पण १३०१मध्ये झिलईच्या कृती कागदावर उतरवल्या त्या रत्नं आणि खनिजांवरच्या ग्रंथाचा भाग म्हणून, आणि माणूस झाला दरबारी इतिहासकार. इटलीतल्या कास्तेल दुरान्तेच्या चिप्रियानो पिकोलपासोने १५५७च्या सुमारास एका कार्डिनलच्या इच्छेवरून माजोलिका भांड्यांची सगळी कला तीन भागांत लिहिली. माती कशी गोळा करायची, चाक कसं बसवायचं, भट्टी कशी रचायची, सगळं चित्रांसकट. गुपितं फोडल्याचा ठपका येणार हे त्याला ठाऊक होतं; चांगली गोष्ट थोड्यांनी दडवून ठेवण्यापेक्षा पुष्कळांना कळलेली बरी, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. आणि मग हस्तलिखित तीनशे वर्षं पडून राहिलं. रोममध्ये ते छापलं गेलं १८५७मध्ये. आज मूळ हस्तलिखित लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

फ्रान्सचा बेर्नार पालिसी मात्र स्वतः भट्टी पेटवणारा. पांढऱ्या झिलईच्या नादात घरातलं फर्निचर आणि तक्तपोशी त्याने भट्टीत घातली, असं तो स्वतःच सांगतो. १५८०च्या त्याच्या पुस्तकात झिलईत काय काय पडतं याची यादी आहे: कथील, शिसं, लोखंड, तांबं वगैरे. प्रमाणं नाहीत. मला हा माणूस या सगळ्या गोष्टीत सर्वांत चलाख वाटतो. पुस्तक काढलं, नाव केलं आणि धंदा हातातून जाऊ दिला नाही. इंग्लंडच्या जोसाया वेजवूडने तर १७५९मध्ये सुरू केलेली प्रयोगांची वही आकड्यांच्या सांकेतिक भाषेत लिहिली. ती प्रकाशकाला दाखवायचा प्रश्नच नव्हता.

ज्यांना वही लपवता आली नाही, त्यांचं काय झालं? चीनमधल्या जिंगदेजेनला पोर्सेलिन कसं बनतं, याची तपशीलवार हकीकत युरोपला पोचवली ती दाँत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने. १७१२ आणि १७२२मध्ये त्याने दोन लांबलचक पत्रं लिहिली. त्याच्या मंडळीत भट्ट्यांवर काम करणारे बाटलेले ख्रिस्ती होते, त्यांच्याकडून त्याला बरंच कळलं. ही पत्रं जेझुइटांच्या पत्रसंग्रहात छापली गेली आणि १७३५मध्ये चीनवरच्या एका मोठ्या ग्रंथातून युरोपभर पसरली. पत्रांवर पाद्र्याचं नाव आहे. ज्यांनी काओलिन ही पांढरी माती आणि पेटुन्त्से हा कुटलेला दगड यांचं मिश्रण समजावून सांगितलं, त्यांच्यापैकी कुणाला एक प्रतही मिळाली नाही.

जपानमध्ये कृती हस्तलिखित वह्यांतून गुरूकडून शिष्याकडे जात. ओगाता केन्झानने १७३७मध्ये आपल्या कृती लिहून काढल्या. त्या छापण्यासाठी नव्हत्या, वारसांसाठी होत्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या परंपरेतल्या सहाव्या केन्झानकडे, उरानो शिगेकिचीकडे, बर्नार्ड लीच नावाचा हाँगकाँगला जन्मलेला इंग्रज शिकायला बसला. पुढे आजच्या अर्थाने पॉटरचं पुस्तक लिहिलं ते याच माणसाने.

लीचने शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर १९२०मध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला पॉटरी काढली. ती नीट चालत नव्हती. भट्ट्या फसत, पैसे संपत. त्याला आधार मिळाला डेव्हनमधल्या डार्टिंग्टन या संस्थेचा. डार्टिंग्टन चालवणारे लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर श्रीनिकेतन उभं करणारे तेच. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डोरोथीने लीचला जपानला पाठवलं, परतल्यावर लिहायला जागा आणि निर्वाह दिला. म्हणजे सिरॅमिकमधलं सगळ्यांत वजनदार पुस्तक प्रकाशकाच्या आगाऊ रकमेवर नाही, एका श्रीमंत दांपत्याच्या आश्रयावर लिहिलं गेलं. आजही पॉटरला पुस्तक लिहायचं तर घर चालवणारं दुसरं कुणीतरी किंवा महिन्याचा पगार लागतो.

‘अ पॉटर्स बुक’ १९४०मध्ये लंडनच्या फेबर अँड फेबरने काढलं. तिथे रिचर्ड द ला मेअर हे संचालक होते, कवी वॉल्टर द ला मेअर यांचे चिरंजीव, आणि मातीच्या भांड्यांवरची पुस्तकं हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांच्याजागी दुसरा कुणी असता तर पुस्तक निघालं असतं की नाही, शंकाच आहे. वेळही विलक्षण. युद्ध सुरू झालेलं, कागदावर नियंत्रण आलेलं, आणि त्यात मडक्यांवरचं पुस्तक! प्रस्तावना जपानी विचारवंत सोएत्सु यानागी आणि लीचचा शिष्य मायकेल कार्ड्यू या दोघांच्या. सुरुवातीला चांगलं भांडं म्हणजे काय यावर लांबलचक वाद आणि मग माती, झिलई, भट्टी, कारखान्याची दिनचर्या. जपानमध्ये शिकलेलं पुष्कळसं लीचने त्यात मोकळेपणाने घातलं. जे वारसांच्या वहीत राहायचं, ते कुणाही दुकानातून विकत घेता येऊ लागलं.

त्यातून लीचला काय मिळालं? रॉयल्टीने सेंट आइव्हज तरलं नाही. पॉटरीचा खर्च निघाला तो मुलगा डेव्हिडने बसवलेल्या रोजच्या वापराच्या भांड्यांच्या ठरावीक साच्यातून. पुस्तकाने दिली माणसं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या वॉरन मॅकेन्झीच्या हाती हे पुस्तक पडलं. तो आणि त्याची पत्नी ॲलिक्स समुद्र ओलांडून सेंट आइव्हजला शिकायला आले, १९५२मध्ये परतले, आणि मॅकेन्झीने मिनेसोटात पुढे पिढ्या घडवल्या. त्याच १९५२मध्ये डार्टिंग्टनला जगभरच्या हस्तकारागिरांची परिषद झाली, आणि ती आटोपून लीच, हमादा आणि यानागी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. पुस्तक आधी गेलं, माणसं मागून गेली. तेव्हापासून पॉटर लोकांचं पुस्तकाकडे पाहण्याचं गणित ठरलं आहे: उत्पन्न नाही, पण विद्यार्थी, कार्यशाळा आणि नोकरी.

पण लीचचं पुस्तक अमेरिकेत नेऊन थेट कामाला लागायचं म्हटलं तर पंचाईत होती. त्यातल्या कृती इंग्लंडच्या जमिनीतल्या. झिलईत पडणारा कॉर्निश स्टोन हा दगड कॉर्नवॉलच्या खाणीतला. ओहायोत तो कुठला मिळणार? भट्टीचं तापमान ओळखायला आत ठेवतात ते कोन, त्यांचे नंबरही वेगळे. ब्रिटिश स्टॅफर्डशर कोन आणि अमेरिकन ऑर्टन कोन यांचा आकडा एकच असला तरी ते वाकतात वेगवेगळ्या तापमानाला. कादंबरी एका देशातून दुसऱ्या देशात नेताना भाषा बदलली की पुरतं. सिरॅमिकचं पुस्तक नेताना खाण बदलावी लागते. प्रकाशकांना हे कधीच मनापासून पटलं नाही, आणि पॉटर-लेखकांच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात असं माझं मत आहे.

अमेरिकेला तिचं पुस्तक १९५७मध्ये मिळालं: न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड इथल्या सिरॅमिक महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॅनियल ऱ्होड्सचं माती आणि झिलईवरचं. ते पुढे चिल्टन कंपनीकडे गेलं. चिल्टनची ओळख होती मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांची. ऐकायला विचित्र वाटतं, पण ग्रीसचे डाग पडणार हे गृहीत धरून पुस्तक छापणाऱ्याला मातीच्या डागांचं काय नवल? फेबरला पॉटर हा लेखक वाटला, चिल्टनला तो जाणकार मेकॅनिक वाटला. माझ्या मते दुसरी नजर पॉटरला जास्त मानवली.

कार्ड्यूचं स्वतःचं पुस्तक १९६९मध्ये लाँगमन्सने काढलं. नायजेरियातल्या अबुजाला वर्षानुवर्षं माती खणून, दगड कुटून, खडकांची रासायनिक घडण समजून घेऊन त्याने लिहिलं. कुठल्याही मुलखात, दुकानातून काहीही न आणता पॉटरी कशी काढायची, हा त्याचा विषय. खाणीचा प्रश्न सोडवायचा हाही एक मार्ग: कृती देऊ नका, कृती शोधायला शिकवा. त्याच अबुजाला काम करणाऱ्या लादी क्वालीने मात्र पुस्तक लिहिलं नाही. तिची ओळख राहिली भांड्यांतून, इतरांच्या लेखनातून आणि आता नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवरच्या चित्रातून.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत छंद म्हणून माती करणाऱ्यांची संख्या वाढली, तसा या पुस्तकांचा बाजार झाला आणि करारही बाजारी झाले. रॉयल्टी छापील किमतीवर देण्याऐवजी प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या निव्वळ रकमेवर धरायची, म्हणजे मोठ्या दुकानांना दिलेली घसघशीत सूट लेखकाच्याही खिशातून जाते. फोटो, आकृत्या, दुसऱ्यांच्या भांड्यांच्या छायाचित्रांची परवानगी हे सगळं लेखकाने आणायचं. रंगीत छपाई महाग, म्हणून चार-पाच भाषांच्या आवृत्त्या एकदम छापायच्या: चित्रांच्या रंगीत प्लेटी त्याच ठेवायच्या आणि मजकुराची काळी प्लेट तेवढी बदलायची. युक्ती झकास. पण मग मजकूर प्रत्येक भाषेत त्याच चौकटीत बसला पाहिजे. आणि जर्मनीत मिळणारं फेल्स्पार, म्हणजे झिलईतलं एक मुख्य खनिज, वेगळं आहे ही तळटीप पहिल्यांदा कापली जाते.

छापलेल्या कृतीला आणखी एक धोका असतो, तो प्रकाशकाच्याही हातात नसतो. अल्बनी स्लिप ही न्यूयॉर्क राज्यातली माती, तपकिरी झिलईसाठी अमेरिकन पुस्तकांत पानोपानी भेटणारी. ऐंशीच्या दशकात ती मिळायची बंद झाली. २०००च्या सुमारास झिलईत वापरल्या जाणाऱ्या गर्स्टली बोरेट या खनिजाची कॅलिफोर्नियातली खाण बंद होणार म्हटल्यावर तशीच घबराट उडाली. दुकानातल्या पुस्तकांत कृती जशाच्या तशा आणि पत्रं मात्र लेखकाला: तुमची झिलई का जमत नाही?

मग कंपन्या एकमेकींना गिळू लागल्या. लंडनच्या ए अँड सी ब्लॅकने पॉटर लोकांकडून छोट्या छोट्या विषयांवर हस्तपुस्तिका लिहून घेतल्या होत्या. २०००मध्ये ही कंपनी ब्लूम्सबरीने घेतली. ब्लूम्सबरीला हॅरी पॉटरने भरभराट आणली होती, आणि पॉटर म्हणजे कुंभार. योगायोग असा की खऱ्याखुऱ्या कुंभारांची पुस्तकं त्याच्याच घरी नांदायला गेली. लार्क आधी न्यूयॉर्कच्या स्टर्लिंगकडे गेली होती, आणि स्टर्लिंगला २००३मध्ये बार्न्स अँड नोबल या दुकानांच्या साखळीने घेतलं. म्हणजे पाचशे चहादाण्यांचं पुस्तक छापणारा आणि विकणारा एकाच मालकाचा. जपानी सिरॅमिक इंग्रजीत आणणारी कोदान्शा इंटरनॅशनल २०११मध्ये बंद झाली. छंदांच्या पुस्तकांची मोठी अमेरिकन कंपनी एफ प्लस डब्ल्यू २०१९मध्ये दिवाळखोरीत निघाली. अशा प्रत्येक वेळी लेखकाचा संपादक बदलतो किंवा नाहीसा होतो, पुस्तक बाजारातून जातं आणि हक्क परत मागायचे तर पत्र कुणाला लिहायचं हेच कळत नाही. तोवर पॉटर मंडळी आपल्या झिलया ग्लेझीसारख्या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात फुकट टाकू लागली होती. तिथे खाण बंद पडली तर कृती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.

भारतात पुस्तकं कमी निघाली, पण खाणीचा प्रश्न तोच. दिल्ली ब्लू पॉटरीचे गुरचरण सिंग यांचं भारतीय मातकामावरचं पुस्तक १९७९मध्ये विकास या प्रकाशनसंस्थेने काढलं. आपल्याला जवळचं नाव निर्मला पटवर्धन यांचं. जन्म सिंधमधल्या हैदराबादचा, शिक्षण शांतिनिकेतनात, मग जर्मनी आणि इंग्लंड. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या त्या आई. २०२३च्या त्यांच्या घरगुती चित्रपटातून त्या अनेकांना नव्याने भेटल्या. १९८४मध्ये अलाइड पब्लिशर्सने त्यांचं पॉटर लोकांसाठीचं हस्तपुस्तक काढलं. कृतींचं पुस्तक इथल्या बाजारात मिळणाऱ्या साहित्यावर बेतलेलं असणं म्हणजे काय, हे इथे भट्टी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लीचचं पुस्तक मी पहिल्यांदा पाहिलं ते मात्र झेरॉक्सच्या रूपात, स्पायरल बाइंडिंग केलेलं. एका स्टुडिओतल्या फळीवर, मातीच्या बोटांनी कडा राखाडी झालेलं, मधली काही पानं गळालेली. एका कृतीत कॉर्निश स्टोन या शब्दावर कुणीतरी पेन्सिलने काट मारून वर लिहिलं होतं: ‘राजस्थानी फेल्स्पार घे, थोडं क्वार्ट्झ वाढव, आधी छोट्या टाइलवर बघ.’