मानद दंडाधिकारी : अधिकार कुठे गेले?

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन झाले, तेव्हा 1898 च्या फौजदारी संहितेखाली कायदा न शिकलेला प्रतिष्ठित गृहस्थही मानद दंडाधिकारी म्हणून किरकोळ खटले चालवू शकत होता. 1 एप्रिल 1974 च्या नव्या संहितेने ही वाट बंद केली. विशेष न्यायदंडाधिकारी व्हायला सरकारी पद भूषवलेले हवे, शिवाय नेमणूक एका वेळी फार तर वर्षाची. गावपातळीवर किरकोळ वाद निकाली काढणाऱ्या न्यायपंचायतीही सत्तरच्याच दशकात गेल्या.

उरला तो विशेष कार्यकारी दंडाधिकारी. त्याने खटले चालवायचे नव्हते, पण ओळख परेड (साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखणे) घ्यायची आणि मृत्युपूर्व जबाब नोंदवायचा. शिफारशीने नेमलेल्यांच्या हाती हे काम देणेच चुकीचे होते. क्रिमिनल मॅन्युअल या उच्च न्यायालयाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे एका आरोपीसाठी रांगेत किमान सहा जण लागतात, दोन आरोपी असतील तर दहा-बारा. त्याहून जास्त आरोपी एका परेडीत शक्यतो घेत नाहीत. डमी, म्हणजे रांगेतले इतर लोक, वयाने, बांध्याने आरोपीशी मिळतेजुळते हवेत. रांगेतली जागा आरोपी निवडतो, दुसरा साक्षीदार येण्याआधी त्याला जागा आणि कपडे बदलण्याची मुभा पुन्हा द्यावी लागते. पोलीस खोलीबाहेर थांबतात. परेड खोलीत नीट झाली तरी मेमोत, म्हणजे तिच्या लेखी नोंदीत, बिघडायची. ‘सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती’ एवढेच लिहिलेले, वये-उंची कोरी. आरोपीला तोंड झाकून आणल्याची नोंद नाही. साक्षीदार आधी कुठे बसवले होते, तेही नाही. बचावाचे वकील उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवायचे. परेड हा मुळातच पूरक पुरावा, खरी ओळख कोर्टातली. मेमो पोकळ निघाला की तो आधारही गळायचा.

पुढे ही कामे नायब तहसीलदारांकडे सरकली. मानद मंडळी ‘विशेष कार्यकारी अधिकारी’ झाली आणि त्यांच्याकडे मुख्यतः साक्षांकनाचा शिक्का उरला. 2015 मध्ये स्वयंसाक्षांकन आल्यावर त्यालाही गिऱ्हाईक राहिले नाही.

दंडाधिकाऱ्याचे काम मात्र संपलेले नाही. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही (असते तिथे हे अधिकार पोलिसांकडे असतात), त्यामुळे चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता किंवा चांगल्या वर्तनाची हमी बाँडवर घेणारी प्रकरणे, तहसीलदार आणि प्रांतांपुढे चालतात. गणेशोत्सव आणि निवडणुकांच्या तोंडावर ढीग लागतो. शांतताभंगाच्या प्रकरणात बाँड वर्षापर्यंतचा, सराईतासाठी तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत तर पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारीही विशेष कार्यकारी दंडाधिकारी होऊ शकतो. तपास करणाऱ्या खात्यालाच हे अधिकार मिळणे न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवायला सांगणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 50 च्या उलट्या दिशेचे आहे.

चॅप्टर केसच्या नोटिशीत मिळालेल्या माहितीचा गोषवारा, बाँडची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या लिहावीच लागते. छापील नमुन्यात नाव भरून धाडलेली नोटीस सत्र न्यायालयात टिकत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयासाठीही मुंबई गाठावी लागत नाही, सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.