प्लॅनचा स्पीड आणि लॅपटॉपचा लिंक स्पीड: दोन्ही एमबीपीएस, पण मोजतात वेगळं

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्रार सतत दिसते: ‘प्लॅन ३०० एमबीपीएसचा, लॅपटॉपवर २२० च येतात, कंपनी लुटते.’ मग कोणीतरी विंडोजमधला लिंक स्पीड बघायला सांगतं. तो निघतो ४३३. म्हणजे वायफाय चोख, लाइनच खराब, असा निकाल लागतो आणि तक्रार नोंदवली जाते. लाइनमन येतो, स्वतःच्या फोनवर ३०० दाखवतो आणि निघून जातो. बहुतेक वेळा लाइन खरंच ठीक असते. चूक होते ती ४३३ हा आकडा वाचण्यात.

प्लॅनचा स्पीड सगळ्यांना कळतो: कंपनीकडून तुमच्या राउटरपर्यंत डेटा किती वेगाने पोचतो, तो, एमबीपीएसमध्ये म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. ब्राउझर डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो, एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून त्याला ८ ने गुणा म्हणजे प्लॅनच्या आकड्याशी ताडता येईल. याहून जास्त त्यात काही नाही.

लिंक स्पीड मात्र नीट समजून घ्यायला हवा. लॅपटॉपचं वायफाय कार्ड आणि राउटर त्या क्षणी हवेतून कोणत्या दराने बिट पाठवायचे हे आपसात ठरवतात, तो हा दर. पण त्या दराने अखंड डेटा वाहत नाही. प्रत्येक खेप पाठवण्याआधी चॅनल, म्हणजे वायफायची हवेतली वाट, मोकळा आहे का हे ऐकावं लागतं, थोडं थांबावं लागतं, सुरुवातीची ओळख-माहिती मंद दराने पाठवावी लागते, आणि खेप पोचल्याची पावती यावी लागते. पावती आली नाही तर तीच खेप पुन्हा. शिवाय फायबरवर येणं-जाणं एकाच वेळी चालतं, वायफायवर नाही: एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. डाउनलोड, अपलोड, हॉलमधला टीव्ही, मुलांचा टॅब, सगळे त्याच वेळेचे वाटेकरी. आणि शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर तोही वाटेकरीच, पासवर्ड वेगळा असला म्हणून काही फरक पडत नाही.

म्हणून राउटर त्याच खोलीत आणि हवा शांत असतानाही लिंक स्पीडच्या साधारण ६० ते ७० टक्केच हाती लागतात. ७२ दिसत असेल तर ४०-५० धरा. १४४ ला ८०-१००. ४३३ ला २५० ते ३००, आणि घरात इतर काही चालू असेल तर २२० अगदी रास्त. ८६७ असेल तर ५००-६००. ३०० च्या प्लॅनला ४३३ चा लिंक काठावरच पुरतो. ‘४३३ तर ३०० पेक्षा मोठा आहे’ हा युक्तिवाद कृपा करून बंद करा.

लाइनमनच्या फोनवर ३०० आले त्याचं कारणही इथेच आहे. घरचा राउटर सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झवर वायफाय ५ मध्ये (वायफायची पाचवी पिढी) ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर एका अँटेनाला ४३३ मिळतात, दोन अँटेनांना ८६७. बऱ्याच फोनमध्ये दोन असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र एकाच अँटेनाचं कार्ड टाकलेलं असतं, आणि काही जुन्या लॅपटॉपना तर ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. २.४ वर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये जुन्या वायफाय ४ ची एक अँटेना ७२ च्या वर जात नाही, मग प्लॅन १०० चा घ्या की १००० चा. लॅपटॉप घेताना लोक रॅम विचारतात, प्रोसेसर विचारतात, वायफाय कार्डात अँटेना किती हे कोणी विचारत नाही.

भिंतीही धरा. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीने ओतलेल्या भिंती असतात, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या. नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या घरात दोन खोल्यांपलीकडे जो सिग्नल टिकतो, तो इथे एका भिंतीत गळतो. सिग्नल पडला की कार्ड स्वतःच पायऱ्या उतरतं: ४३३, ३९०, ३२५, २९२, २६०, १९५. बेडरूममध्ये १९५ चा लिंक असेल तर हाती १२० च्या आसपासच लागणार. मधे गोदरेजचं कपाट किंवा आरसा असेल तर आणखी कमी.

तपासायचं कसं? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. तिथे लिंक स्पीड, बँड आणि चॅनल तिन्ही दिसतात. मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की टीएक्स रेट, म्हणजे तिथला लिंक स्पीड, दिसतो. आकडा स्पीड टेस्ट चालू असताना बघा, लॅपटॉप निवांत असताना तो उगाच खाली असू शकतो. ऑफिसचा व्हीपीएन (सगळा डेटा ऑफिसमार्गे नेणारी जोडणी) आधी बंद करा. ऐरोली-महापेच्या ऑफिसचा व्हीपीएन चालू ठेवून केलेली टेस्ट घरच्या लाइनबद्दल काही सांगत नाही. लिंक स्पीड जेमतेम ५४ वरच अडकला असेल तर राउटरमधली वायफायची सुरक्षा टीकेआयपी या जुन्या सांकेतिकीकरणावर आहे का ते पाहा. त्या जुन्या पद्धतीत वेगवान दर चालतच नाहीत. त्याच सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ एईएस हा पर्याय ठेवा.

मग लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून तीच टेस्ट करा. केबलवर प्लॅनइतका स्पीड आला तर कंपनीचा प्रश्न मिटला. नाही आला तर तक्रारीला हाच स्क्रीनशॉट जोडा, वायफायचा नको. आकडा बरोबर ९४-९५ वर अडकला तर कुठेतरी १०० एमबीपीएसचाच पोर्ट (केबल खोचायची खाच) आहे किंवा केबल अर्धवट आहे. केबलचं पारदर्शक टोक उजेडात धरा: आठही तारा दिसल्या पाहिजेत. नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या बसवलेल्या असतील तर १०० च्या वर जाणं अशक्य, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, निळी आणि तपकिरी जोडीही लागते. खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेले काही राउटर आतून १०० च्या पोर्टचे असतात. तो १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची ११६७ ही बेरीज, वर गोल केलेली, आणि एक लॅपटॉप या दोन्हींवर एकदम सहसा बसत नाही. ही बेरीज खोक्यावर ठळक छापणं मला सरळ फसवणूक वाटते.

उपायांत प्लॅन वाढवणं सगळ्यात शेवटी. आधी राउटरमधल्या २.४ आणि ५ ची नावं वेगळी करा आणि लॅपटॉप ५ वरच जोडा. राउटरमध्ये ५ चा चॅनल ३६ किंवा १४९ ठेवा, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. कार्ड एका अँटेनाचं असेल तर बदला: लॅपटॉपच्या आत कार्ड बसवायची एम.२ प्रकारची २२३० आकाराची (२२ x ३० मिमी) खाच असेल आणि आत दोन अँटेना वायरी असतील तर इंटेलचं एएक्स२१० हे वायफाय कार्ड चालतं. एएक्स२०१ घेऊ नका, ते ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवरच चालतं. वायर एकच निघाली तर दुसरी अँटेना बसवावी लागेल, नाहीतर पैसे वाया.

रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी, मला बिलकूल पसंत नाही. साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, आणि वर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात म्हणून लोक खूश. मिवानच्या घरात भिंत फोडायचीही गरज नाही. हॉलमधून बेडरूमकडे गेलेल्या टीव्हीच्या पाइपात जागा असेल तर कॅट ६ केबल ओढून घ्या, आठही तारा टोकात नीट क्रिंप करा (दाबून बसवा), आणि २.४ व ५ दोन्ही बँडचा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, तिकडे लावा. फक्त त्याचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, ते आधी बघा.