रक्तातच आहे म्हणता? मग शिसं मोजा

धुळे-जळगावकडे कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी यायच्या आधीच लोक एखाद्या वस्तीचं नाव घेऊन मोकळे होतात. "त्यास्ना रंगतमाच शे ते," म्हणजे त्यांच्या रक्तातच आहे ते. पारधी असो, भिल्ल असो, वाक्य तेच. मला याचा भयंकर राग येतो, कारण हेच वाक्य इंग्रजांनी 1871 मध्ये कायद्यात घातलं होतं, क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे अख्खी जमात जन्मानेच गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी लावायची आणि परवानगीशिवाय हलायचं नाही. त्याच दशकात इटलीत लोंब्रोझो नावाचा डॉक्टर कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं सांगत होता. कायदा 1952 मध्ये देशातून गेला, समजूत अजून बसून आहे.

आणि आपल्या खान्देशाचाच इतिहास बघा ना. 1803 च्या आसपास होळकरांच्या फौजेची लूट आणि लगोलग दुष्काळ, त्यानंतर भिल्ल मोठ्या संख्येनं लुटमारीकडे वळले असं खुद्द इंग्रजांचं गॅझेटियर सांगतं. मग 1825 मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, ठाणं धरणगावला, आणि त्याच समाजातली माणसं पगारावर लुटारूंना पकडायला लागली. एवढ्या वर्षांत रक्त बदलत नसतं, पोट भरायची सोय बदलते.

मग जीन्सचा काहीच संबंध नाही का? आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये 1972-73 साली जन्मलेल्या हजारेक मुलांवर आजवर लक्ष ठेवलंय. त्यातल्या मुलग्यांमध्ये एमएओए नावाच्या, मेंदूतली निरोपाची रसायनं मोडायला लावणाऱ्या जीनचा मंद, म्हणजे कमी काम करणारा प्रकार साधारण तीनात एकाकडे निघाला. नुसता तो असून विशेष फरक पडला नाही, पण तो जीन आणि लहानपणी मारहाण-छळ असं दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं ते होते फक्त 12 टक्के, आणि हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांमध्ये त्यांचा वाटा 44 टक्के. पेपरवाल्यांनी याला 'गुन्हेगारीचा जीन' करून टाकलं, ते साफ चूक.

पण मला खरं बोलायचंय ते शिशाबद्दल, कारण परिस्थिती शरीरात कशी घुसते हे शिशाइतकं स्वच्छ दुसरं काहीच दाखवत नाही.

कॅल्शियम नुसतं हाडांसाठी नसतं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा पेशीच्या टोकाला कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात, ते शिरले की रसायनाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि निरोप पलीकडे जातो. शिशाच्या आयनवर कॅल्शियमइतकाच, दोन धन, विद्युतभार असतो आणि आकारही जवळपास तोच, त्यामुळे दुसऱ्याचा पास दाखवून एसटीत बसावं तसं ते कॅल्शियमच्या दारातून आत जातं. आत गेल्यावर खरा निरोप असतो तेव्हा पिशव्या कमी फुटतात आणि निरोप नसताना उगाच फुटतात. शिवाय एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे पलीकडच्या पेशीवरचा निरोप झेलणारा भाग, जो दोन पेशी वारंवार एकत्र चालल्या की त्यांचा जोड पक्का करतो, त्यालाही शिसं अडवतं. लहान मुलाच्या मेंदूत कोणते जोड ठेवायचे नि कोणते छाटायचे हे वापरावरूनच ठरत असतं, आणि निरोपच गढूळ झाले तर छाटणीच चुकते. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो हात उगारला तरी थांब म्हणतो, तो पिकायला पंचविशी लागते, म्हणून मार खायला तोच सगळ्यात जास्त काळ उघडा राहतो.

अमेरिकेत सिनसिनाटीला गरीब वस्त्यांमधल्या मुलांच्या जन्माआधी आईचं आणि जन्मानंतर मुलांचं रक्त तपासत गेले. 2008 मध्ये निकाल आले, ज्यांच्या रक्तात लहानपणी शिसं जास्त त्यांना मोठेपणी अटकाही जास्त, आणि एमआरआयमध्ये नेमका तोच पुढचा भाग कमी भरलेला. आता यावरून जगातली सगळी गुन्हेगारी पेट्रोलमधल्या शिशामुळे वाढली नि ते काढल्यावर घटली असं काही जण ठोकून सांगतात, ते फुगवून सांगणं आहे, पोलीस, नोकऱ्या, दारू, बंदुका सगळंच मधे येतं.

आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 मध्ये बंद झालं. पण भंगारवाल्याकडे जाऊन बघा. जुनी बॅटरी कोयत्यानं फोडायची, ॲसिड तिथंच मातीत ओतायचं, आतल्या शिशाच्या काळ्या जाळ्या लोखंडी कढईत वितळवायच्या, वर राखाडी साय येते ती पळीनं बाजूला सारायची. पोरं तिथंच खेळतात, आणि कामावरचा माणूस तीच धूळ शर्टावर घेऊन घरी येतो नि बाळाला उचलतो. पोटात गेलेल्या शिशातलं मोठी माणसं साधारण दहावा हिस्सा शोषून घेतात, लहान मुलं निम्म्यापर्यंत. त्यात अंगात लोह कमी असेल तर आतडं जास्तच ओढून घेतं, कारण लोह आत घेणारी वाट शिशालाही चालते. म्हणजे ज्याच्या ताटात कमी त्याच्या रक्तात शिसं जास्त.

पोरगं चिडकं, हट्टी, शाळेत लक्ष नाही म्हटलं की आपल्याकडे दृष्ट काढतात, भगताकडे नेतात, नाहीतर शिकलेले पालक हजारो रुपये देऊन बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी टेस्ट करतात, तिला तर शून्य आधार आहे. रक्तातलं शिसं मोजायची तपासणी कुणी सांगत नाही. अमेरिकेत 100 मिलिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की लक्ष घालतात, आणि अमुक पातळीखाली धोका नाही अशी पातळी अजून सापडलेली नाही.

नंतर औषध देऊन भागत नाही. तिकडे 780 लहान मुलांवर सक्सिमर नावाचं शिसं काढणारं औषध वापरून पाहिलं, 2001 मध्ये निकाल आला, रक्तातलं शिसं उतरलं पण बुद्धीच्या चाचण्यांत काहीच फरक पडला नाही. त्यामुळे बॅटरी वितळवायची कढई वस्तीतून उचलायची असेल तर ती पोरगं रांगायला लागायच्या आधी उचलायला पाहिजे, आणि ते काम नगरपालिकेचं नि प्रदूषण मंडळाचं आहे, त्या आईचं नाही.