बँकेच्या नावामागचे 'डॉट बँक डॉट इन'

भारतीय बँकांचे इंटरनेटवरचे पत्ते २०२५ साली बदलले. स्टेट बँकेपासून तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेपर्यंत सगळ्यांनाच नावामागे 'डॉट बँक डॉट इन' लावायला सांगण्यात आले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीत घोषणा केली, एप्रिलमध्ये परिपत्रक काढले आणि ३१ ऑक्टोबरची मुदत घातली. हुकूम नवा असला, तरी ज्याच्या त्याच्या धंद्याला वेगळे नाव देण्याचा खटाटोप बराच जुना आहे.

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था कागदावर मांडली, तेव्हा धंदेवाल्यांच्या वाट्याला एकच खण आला होता: डॉट कॉम. १५ मार्च १९८५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. पुढे बँका, औषधांची दुकाने, विमान कंपन्या सगळे तिथेच आले. १९९५ पर्यंत नाव फुकट मिळे. त्या सप्टेंबरपासून दोन वर्षांना शंभर डॉलर पडू लागले. पैसे भरणारा खरोखर तोच धंदा करतो का, हे मात्र कुणी विचारत नव्हते. लबाडीची सोय तिथेच झाली.

नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २००० साली सात नवी नावे मंजूर केली. त्यांत विमानवाहतुकीसाठी डॉट एअरो, संग्रहालयांसाठी डॉट म्युझियम, सहकारी संस्थांसाठी डॉट कूप आणि डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिकांसाठी डॉट प्रो होते. नाव हवे तर आधी कागदपत्रे दाखवा, असा दंडक होता. लोकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. डॉट कॉम सहज मिळत असताना कागदपत्रांच्या भानगडीत कोण पडणार? डॉट प्रोने तर पुढे परवान्याची अटच काढून टाकली. डॉट कूप मात्र आपल्याकडे अनेकांनी नकळत पाहिलेले आहे: अमूलच्या पाकिटावर ग्राहकांसाठी छापलेला ईमेल पत्ता नीट वाचा, शेवटी 'अमूल डॉट कूप' आहे. सहकाराची एवढी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात हे नाव रुजले नाही, याचे मला नवल वाटते.

२०१२ साली आयकॅनने अशा नव्या नावांसाठी दार सताड उघडले. एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. त्यातून हॉटेल, वकील, छायाचित्रकार अशा नाना धंद्यांची नावे निघाली. बरीचशी कुणीही विकत घ्यावीत अशीच. अमेरिकेतल्या बँकांच्या संघटनांनी पुढाकार घेऊन मिळवलेले, २०१५ मध्ये खुले झालेले डॉट बँक त्याला अपवाद. बँक असल्याची खातरजमा झाल्याशिवाय ते कुणालाच मिळत नाही. आपल्या स्टेट बँकेने तर स्वतःचे 'डॉट एसबीआय'च घेतले होते.

रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक' या जागतिक नावाऐवजी देशाच्या 'डॉट इन'खाली खास बँकांचा कप्पा केला. म्हणजे चावी आपल्याच हातात. 'डॉट इन'ची नोंदणी पूर्वी मुंबईतली एनसीएसटी ही संस्था पाहायची. २००५ मध्ये ही नोंदणी सर्वांना खुली झाली आणि कारभार निक्सी या संस्थेकडे गेला. बँकांची नावे देण्याचा अधिकार मात्र फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटीला, म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेला आहे. बँकेतर वित्तसंस्थांसाठी 'डॉट फिन डॉट इन'चीही घोषणा झाली.

फसवणूक रोखण्याच्या या उपायात एक मेख आहे. पत्त्याचा खरा मालक उजव्या टोकाकडून कळतो. 'अमुक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' असा पत्ता कुणीही भामटा तयार करू शकतो. त्यातले 'बँक डॉट इन' नुसते दिखाव्याचे, मालकी 'केवायसी-अपडेट डॉट कॉम'वाल्याची. घाईत मोबाइलवर पाहणाऱ्याला अर्धाच पत्ता दिसतो. आणि व्हॉट्सॲपवर आलेली बनावट ॲपची फाइल कुणी उघडलीच, तर तिथे बँकेच्या पत्त्याचा संबंधच येत नाही.