वाघ आणि पतंग एकाच रकान्यात

पावसाळ्यात कोणाच्या तरी पडवीत वीतभर पंखांचा ॲटलास पतंग बसलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘दुर्मिळ पतंग आढळला’ अशी बातमी येते. दुर्मिळ कोणी ठरवला, कशावरून, हे कोणी विचारत नाही.

वाघाचे तसे नाही. १९७२चा वन्यजीव कायदा, १९९९मध्ये जाहीर झालेले गोव्यातले म्हादई अभयारण्य, जानेवारी २०२०मध्ये तिथल्या गोळावली गावात गुरे मारल्याच्या रागातून विष घालून मारलेली वाघीण व तिचे तीन बछडे, मग जुलै २०२३मध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आदेश आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले राज्य सरकार. अभयारण्याच्या सत्तरी तालुक्यात हा क्रम तोंडपाठ असतो.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, वाघ ‘संकटग्रस्त’ आहे. डिसेंबर २०२१मध्ये त्याच रकान्यात ऑस्ट्रेलियातला बोगाँग पतंग गेला. जगात रानटी वाघ काही हजार, आणि हा पतंग एकेकाळी अब्जावधी! तरी दोघांना एकच शिक्का, कारण १९९४पासून या यादीला आकड्यांचे निकष आहेत आणि त्यांत किती उरले याइतकेच किती वेगाने घटले हेही पाहतात. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा तो धरतात.

बोगाँग उन्हाळा काढायला शेकडो किलोमीटर उडून डोंगरातल्या थंड गुहांत येतो. तिथे भिंतीच्या एका चौरस मीटरवर सतरा हजारांपर्यंत पतंग कौलांसारखे एकावर एक चिकटून बसत. २०१७पासूनच्या दुष्काळात प्रजननाची मैदाने करपली आणि काही गुहा जवळजवळ रिकाम्या झाल्या. शीतनिद्रेतून भुकेला उठणारा पिग्मी पॉसम हा तिथला पिशवीवाला प्राणी, उंदराएवढा आणि स्वतःच अतिसंकटग्रस्त, या पतंगांवर जगतो. त्याची पिशवीतली पिल्ले उपाशी मेली. त्या गुहांत काही दशके गणना चालू होती, म्हणून घट आकड्यांत दाखवता आली.

भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत; बहुतेकांचे मूल्यमापनच झालेले नाही. जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताहात पांढरा पडदा आणि दिवा लावून फोटो काढले जातात. त्यातून जातींची यादी वाढते, हे चांगलेच. पण घट कळायची तर त्याच जागी, तसाच दिवा लावून दरवर्षी मोजावे लागते, आणि आपल्याकडे जुलैचा पाऊस पडदा टिकू देईल तर!